चौथी मोळी

अन्याय मामांवर झाला. मामा म्हणजे आमच्या पेठेतल्या छापखान्यातले जुळारी, शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळीत लावणारे. अन्याय कधी झाला तेही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणायला नको. गेल्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या मोठ्या वर्गात, भर शोकसभेत. मामा त्याच्या बारा दिवस आधी वारले होते, त्यामुळे त्यांना उठून हरकत घेता आली नाही. मी घेतली. अध्यक्ष म्हणाले, "खाली बसा." मागून कुणीतरी म्हणालं, "बस रे, मेलेल्या माणसाच्या सभेत तरी गप ऱ्हव." मी बसलो नाही. उभाच राहिलो, आणि सभा माझ्या आजूबाजूने उठून घरी गेली.

आता "नागरिक बंधुभगिनींनो" असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं. खोडलं, कारण ती अकरावी मोळी. मोळी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळं भांडण तिच्यावरून आहे.

छापखान्यात मामांच्या स्टुलाखाली बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा असे. काम झालं की जुळाऱ्याने खिळे, म्हणजे ती शिशाची अक्षरं, सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे, हा धंद्याचा नियम. मामांनी काही वाक्यांपुरता तो मोडला होता. "जा वाक्य आठवड्यात तीनदा येता, ता मोडून परत कित्याक जुळवूचा?" असं म्हणून त्यांनी ती वाक्यं कायमची जुळवून, दोऱ्याने करकचून बांधून डब्यात ठेवली होती. रानातल्या फाट्यांच्या मोळ्या असतात तशा ह्या शब्दांच्या मोळ्या. प्रत्येकीला नंबर. दुसरी मोळी, 'तीव्र शब्दांत जाहीर निषेध'. सातवी, 'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत'. नववी, 'झोपलेल्या सरकारला जाग येईल काय?' आणि चौथी: 'त्यांच्या जाण्याने समाजात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर त्यांच्या कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.' जामसंड्यापासून मालवणपर्यंत जो कोणी बऱ्या घरातला मेला, त्याला चौथी लागली.

चौथीतल्या 'पोकळी'मधल्या ळ-ची डावी वाटी तुटलेली होती. मी एकदा मोठ्या तत्परतेने ती मामांच्या नजरेला आणून दिली.

"म्हायती आसा," मामा म्हणाले. "मुद्दाम ठेवलंय. कोण वाचता काय ता बघतंय."

"मग? कुणी सांगितलं?"

"धा वर्सां झाली. अजून कोण वाचूक नाय."

मामांची ही मोळ्यांची भाषा छापखान्यापुरती राहिली असती तर त्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण ते सभांना जात. पेठेत सभा कसलीही असो, देवळाच्या कळसाची, नाहीतर साखरेच्या रेशनची, मामा शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसत आणि वक्ता बोलू लागला की बोटं वर करत. दोन. मग सात. मग परत दोन. मग दोन्ही हात वर आणि पुढे एक बोट, म्हणजे अकरा. पोरं वक्त्याकडे बघायची सोडून मागे वळून मामांची बोटं बघत. एका वक्त्याने भाषण थांबवून विचारलं, "आपल्याला काही शंका आहे का?" मामा म्हणाले, "नाय नाय, तुमचा चलांदे. फक्त नववी ऱ्हवली." आणि त्या माणसाला खरोखरच नववी म्हणायची होती. तो कागद खिशात घालून खाली बसला.

माणसं ते खिळ्यांच्या मापाने मोजत. मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाबद्दल म्हणत, "माणूस आठ पॉइंटचो, बोलणां छत्तीस पॉइंटचां." तीस वर्षं अक्षरं उलटी वाचल्यामुळे त्यांना सुलटं वाचायला कंटाळा येई. पोस्टात खिडकीच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या टेबलावरची कार्डं ते सहज वाचून टाकत, त्यामुळे पोस्टमास्तर ते आले की सगळं टपाल पालथं घालून ठेवत.

आणि जेवण. उजवा हात दिवसभर शिशात, म्हणून उजव्या हाताने घास घ्यायचा नाही. डाव्याने घेतला तर पंगत उठेल. तेव्हा मामा लग्नाला जाताना खिशात नारळाच्या करवंटीचा छोटा दवलो घेऊन जात, आणि पंगतीत शांतपणे त्या पळीने भात-वरण खात. यजमान विचारीत, "मामा, हात धुवन जेवाना." मामा म्हणत, "शिसां धुवन जाता काय? पोटात गेला तर उद्या माझ्या ढेकरात तुझी लग्नपत्रिका छापून येयत."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो सत्तावनच्या पावसाळ्यानंतर. वय एकवीस. जगातल्या सगळ्या अन्यायांची यादी माझ्याकडे होती आणि ती पाठ होती. त्यातला सर्वांत जवळचा अन्याय म्हणजे आमच्या तरीचा, म्हणजे होडी लागते त्या काठाचा, उतार. आमची वाडी खाडीपलीकडे. बाजार, शाळा, दवाखाना, कचेरी सगळं अलीकडे. ओहोटीला होडी काठाला लागत नसे, आणि उतरलेल्या माणसाला गुडघाभर चिखलातून वर चढावं लागे. त्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, पोटुशा बायका, शाळेची मुलं. धड एक फळीसुद्धा नाही. मी चार दिवस खपून चार पानांचं जळजळीत पत्रक लिहिलं आणि छापखान्यात गेलो.

मामांनी मान वर न करता विचारलं, "काय व्हया?"

"पत्रक छापायचं आहे." मी कागद पुढे केले.

"कागद ऱ्हवांदे. विषय सांग."

"तरीचा उतार. तिथे जनतेला..."

"मागणी?"

"पायऱ्या."

"बस थंय."

डबा निघाला. मामांनी चार-सहा मोळ्या काढल्या, एकाखाली एक मांडल्या, मध्ये काही खिळे टिकटिक करून लावले, शाईचा रूळ फिरवला, कागद दाबला आणि ओला कागद माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचलं. ते माझं पत्रक होतं. जिथे माझा निषेध होता तिथे निषेध होता. जिथे माझा थेंब होता तिथे थेंब होता. सरकार ज्या ओळीत झोपलं होतं त्याच ओळीत झोपलेलं होतं.

"पण तुम्ही तर माझे कागद बघितलेच नाहीत!"

"बघूचे कित्याक?"

"हे माझं आहे! मी चार दिवस बसून लिहिलंय!"

"तुझां?" मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ह्यो थेंब शिमग्यात गुळाच्या भावाक वापरलेलो. तेच्या आधी देवळाच्या वादात दोनय पार्टयेंनी वापरल्यानी. थेंब तोच. अजून सुकाक नाय."

त्यांनी बोटाने मधली ओळ दाखवली.

"तुझ्या चार पानांत माका नवीन जुळवचा लागला ता एवढाच, 'तरीच्या उतारावर पायऱ्या'. अकरा अक्षरां. बाकीचा तू माझ्या डब्यातला चोरलंस. आणि मेल्या, चोरी केलंस ता तुका म्हायती पण नाय."

"मामा, हा माझा अपमान आहे."

"अपमान चवदावी. काढू?"

ते पत्रक तसंच छापलं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी ते घरोघर वाटलं. पाचव्या दिवशी आईने बाजारातून सुकट आणली ती माझ्याच पत्रकात बांधलेली. आईने सुकट काढून घेतली आणि कागद चुलीत सारला. माझा शेवटचा थेंब चुलीत गेला आणि वर भात शिजला.

त्यानंतर चार महिने मी काही लिहिलं नाही. लाज वाटत होती असं नव्हे. लिहायला बसलो की प्रत्येक वाक्याला कमरेशी दोरा बांधलेला दिसे. शाळेत असताना मला लिहायला आवडत असे, निबंधाच्या वहीची पानं पुरत नसत. ते आवडणं कधी गेलं ते मला कळलंच नव्हतं, आणि गेल्याचं कळलं ते एका बिस्किटांच्या डब्यामुळे. मी मामांचा मनापासून द्वेष केला. रस्त्यात दिसले तर पलीकडून जाई. ते पलीकडून ओरडत, "काय रे, आटलो काय थेंब?"

मग एका सकाळी ओहोटीला होडीतून उतरलो आणि माझी डावी वहाण चिखलाने गिळली. नवीन होती. हात खांद्यापर्यंत घालून शोधली, नाही मिळाली. सदरा चिखलाने भरला. तसाच एका पायात वहाण घालून मी पेठेतून निघालो आणि रागाच्या भरात, का कोण जाणे, छापखान्यातच शिरलो.

मामांनी माझ्या पायांकडे बघितलं. "दुसरी खंय?"

"खंय म्हणजे? चिखलात!" माझं पुस्तकी मराठी त्या चिखलातच राहिलं होतं. "तीन म्हयने झाले नाय घेवन! आवशीच्या तीन गेल्यो, काकीच्यो दोन, बापाशीचो तर बूट गेलो!"

"मगे ह्या लिव ना."

"ह्यात लिवण्यासारख्या काय आसा? ह्या सगळ्यांचाच होता."

"सगळ्यांचा होता." मामांनी हातातला खिळा खाली ठेवला. "उरलेलीचा काय करतास?"

"काय करतलव? खुंटयेक लावन ठेवतत. आवशीच्या तिनय आसत खुंटयेक. सगळ्यांच्या घरात आसत."

"कित्याक ठेवतत?"

मी विचार केला. हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "दुसरी गावात, कधीतरी मिळात म्हणान."

मामांचा हात हवेत थांबला. मग ते खाली वाकले, डबा उघडला, एकेक मोळी बोटाने बाजूला सारत तळापर्यंत बघितलं, डबा बंद केला आणि म्हणाले, "ह्या माझ्याकडे नाय."

माझ्या आयुष्यात मला पुढे हार मिळाले, एकदा लाठीही मिळाली. ह्या तीन शब्दांइतकं काही मिळालं नाही.

कागद शोधायला वेळ नव्हता. मी उभ्याने सांगू लागलो आणि मामा जुळवू लागले. टिक, टिक, टिक. प्रत्येक अक्षर खणातून यायचं. मी एखादा शब्द सांगून थांबलो की ते लहान मुलासारखे "पुढे? मगे काय?" करत. एकदा माझ्या तोंडून 'अक्षम्य' निघालं तेव्हा त्यांनी नुसता पाय पुढे करून डब्याला लावला. मी तो शब्द परत घेतला. झालेलं पत्रक असं होतं:

'तरीच्या उतारावर ज्याची एक वहाण चिखलात राहिली, त्याच्या घरी दुसरी खुंटीला आहे. ती दर ओहोटीला वाट बघते. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता ती घेऊन मामलेदार कचेरीत या. साहेबांना म्हणू, जोडी लावून द्या.'

बस. ह्याखाली मला 'आपला नम्र' वगैरे घालायचं होतं. मामा म्हणाले, "वहाणेक नम्रपणा नको."

सोमवारी सकाळी साडेनऊलाच कचेरीचा व्हरांडा भरला. मी आयुष्यात इतकी माणसं इतकी गंभीर आणि इतकी मजेदार एकत्र बघितली नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक वहाण. एका म्हातारीने लहान मुलाची एवढीशी लाल वहाण आणली होती. ते मूल आता मुंबईत गिरणीत कामाला होतं. तिथेच दोघांची जुंपली, कारण एकाच्या हातातल्या वहाणेची जोडी दुसऱ्याच्या हातात सापडली. "ही माझी!" "तुझी? माका गेल्या भरतीक गावली!" "गावली तर देवची नाय?" "एक वहाण कोणाची ता तिच्यार लिवलेला आसता?" मामलेदार आवाज ऐकून बाहेर आले. घाटावरून बदलून आलेले सरळ गृहस्थ. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी म्हातारी म्हणाली, "सायबानू, जोडी लावन देवा."

साहेब कायद्याचं काहीतरी बोलू लागले. हे काम रत्नागिरीहून मंजूर व्हावं लागतं, इत्यादी. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून पट्टेवाला हळूच म्हणाला, "सायबांचो पण एक आसा. कपाटामागे. हजर होवक इले त्या दिसाचो." साहेब कानापर्यंत लाल झाले. मग आत गेले, आणि खरंच एक काळा बूट घेऊन बाहेर आले आणि तो त्यांनी ढिगावर ठेवला. टाळ्या पडल्या. शेवटच्या खांबाला टेकून मामा उभे होते. त्यांनी एकही बोट वर केलं नाही.

पायऱ्या झाल्या. लगेच नव्हे, सरकारच ते, दुसऱ्या पावसाळ्यानंतर झाल्या. नऊ आहेत. सर्वांत खालची भरतीला पाण्याखाली जाते. पण त्या दगडाच्या आहेत, आणि माझी आई त्यांवरून दोन वहाणांनी चढते.

त्या सोमवारनंतर मामा बिघडले, असं मालकांचं मत. मालक म्हणजे छापखान्याचे. चांगला माणूस, फक्त वाक्याची किंमत वजनावर करणारा. मामा काम संपल्यावर घरी जाईनात. कागदाच्या कडेची कात्रणं निघत, त्या कात्रणाएवढी एक ओळ ते स्वतःची जुळवत, एकच प्रत काढत, भिंतीला चिकटवत, आणि लगेच खिळे सोडून खणात टाकत. 'वाण्याच्या तराजूला उजव्या अंगाचा संधिवात आहे.' 'पोस्टमास्तर माझ्याकडे बघतात, जणू मीच सगळ्यांना पत्रं लिहितो.' एकदा नुसतं, 'आज समुद्र काहीतरी विसरल्यासारखा परत परत येत होता.'

"ही बांधून ठेवा ना, मामा," मी म्हणालो. "ही कशाला मोडता?"

"बांधलंय तर ती पण मोळीच झाली." मग खिळे टाकता टाकता म्हणाले, "ल्हान असताना वेळेवर, दर्याकडल्या वाळूत, काठयेन लिवी मी. पाणी येय, पुसून टाकी. परत लिवी. लिवची मजा होती. मगे हंय इलंय. तीस वर्सां दुसऱ्यांची अंडी उबवलंय रे. ती मजा मेली असा वाटलेला. मरूक नाय होती."

ह्या मजेचा फटका वाण्याच्या मुलीच्या लग्नाला बसला. वाणी पत्रिका छापायला आला. मामांनी विचारलं, "येणाऱ्या माणसाक कामाचा काय सांगूचा आसा?" वाणी म्हणाला, "सगळ्यांचा असता ताच." मामांनी खोदून खोदून विचारलं, आणि पत्रिकेत मुहूर्ताखाली एक ओळ आली: 'मुहूर्त सकाळचा आहे, पण भटजी होडीने यायचे आहेत, तेव्हा मंडळींनी भरतीच्या हिशोबाने निघावे.' वाणी संतापला. भटजी त्याहून संतापले. पण आमच्या पेठेत लग्न लागताना सगळे पाहुणे हजर आहेत आणि एकही उपाशी ताटकळलेला नाही, असं ते एकच लग्न झालं. मालकांनी मामांना महिनाभर जुळवणीवरून काढून पायाने छपाईचं यंत्र चालवायला लावलं. वाणिणीने ती पत्रिका अजून देव्हाऱ्यात ठेवली आहे. मी बघितली आहे.

त्याच महिन्यात हेडमास्तर निवृत्त झाले. मामा यंत्रावर, म्हणून मानपत्र मालकांनी स्वतः जुळवलं. म्हणजे डबा उघडला आणि जी लांबलचक मोळी हाताला आली ती लावली. उलटं वाचायची सवय नाही, आणि चष्मा घरी. समारंभात मानपत्र वाचलं गेलं. 'त्यांच्या जाण्याने समाजात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर त्यांच्या कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.' सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी डोळे टिपले. सगळ्या शाळेत ते वाक्य एका बाईने ऐकलं, हेडमास्तरांच्या पत्नीने. त्या शेजारणीला म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. उद्यापासून हे दिवसभर घरात. सहन मलाच करायचंय."

मामांनी मागच्या बाकावर चार बोटं वर धरली होती. कुणी वळून बघितलं नाही.

शेवटच्या वर्षी मामांचे डोळे गेले. मोतीबिंदू. बोटांनी खिळे ओळखत, पण काने आणि मात्रा फसू लागल्या. मग मी त्यांच्या बाजूला बसून जुळवायला शिकलो. आजही सावकाशच जुळवतो. श्रावणात ते अंथरुणाला लागले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात चाचपला, शिसं लागलंय का बघितलं, आणि म्हणाले, "एक काम कर. चवथी सोडून टाक."

"कशाला?"

"मी गेलय की मालक तीच लावतलो माका. वाईट नाय तो, पण डबो उघडतलो. माका चवथी नको रे. बाकीचा कायव चलात."

मी म्हणालो, "उद्याच सोडतो."

उद्या मला कणकवलीला सभा होती. परवा दुसरी. मी दोन्हीकडे इतरांच्या हलगर्जीपणाबद्दल बोललो. मामा तिसऱ्या दिवशी गेले, आणि चौथी मोळी डब्यात होती तिथेच होती. तेव्हा ह्या अन्यायातला पहिला आरोपी लिहून घ्या, मी. मालक दुसरे, त्यांनी डबा उघडून तीच मामांच्या शोकठरावाला लावली. अध्यक्षस्थानी निवृत्त हेडमास्तर होते, ते तिसरे, कारण हेच वाक्य त्यांच्यावर ते जिवंत असताना वापरलं होतं, आणि मंगळवारी त्यांनी ते परत पहिल्यांदाच वाचावं तसं वाचलं. छापील ठराव सगळ्यांना वाटला. मी आधी ळ बघितला. डावी वाटी तुटलेली. तेव्हाच मी उठलो.

सभेनंतर मी आक्कांकडे गेलो. आक्का म्हणजे मामांची विधवा बहीण, त्यांच्याबरोबर राहणारी. त्यांच्या हातात तो कागद होता. "वाच माका," म्हणाल्या. मी वाचून दाखवला. त्यांनी पुरा ऐकला, पदराने डोळे पुसले, आणि विचारलं:

"बरा लिवलाहा. पण ह्या कोणाबद्दल?"

मग मी विचारलं, "आक्का, तुम्ही काय लिहिलं असतं?"

"माका खंय लिवक येता?" मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "पावसात छत्री माझ्यार धरी. आपण भिजे. आणि घराक येवन म्हणे, छत्री गळता. मी तीन छत्र्यो बदललंय."

मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. मनातल्या मनात डबा तळापर्यंत चाचपला. हे त्यात नव्हतं.

चौथी मोळी मी काल दुपारी सोडली. दोरा इतका जुना होता की बोट लावताच तुटला. खिळे आपापल्या खणात गेले. 'पोकळी'तला प सध्या ह्याच पत्रकात 'पायऱ्या'मध्ये कामाला आहे. तुटका ळ-ही ह्याच पत्रकात कुठेतरी आहे. तुम्ही खरंच वाचत असाल तर दिसला असेल.

पण ठराव छापून झाला आहे. खंडेनवमीला छापखान्यात यंत्राची आणि खिळ्यांची पूजा असते. त्या दिवशी तो ठराव चौकटीत घालून मामांच्या स्टुलावरच्या भिंतीला लावायचा, असं मालकांनी ठरवलं आहे. ज्या भिंतीवर समुद्र विसरल्यासारखा परत येत होता, त्या भिंतीवर. मालकांशी मी बोललो. ते म्हणाले, "दुसरा काय लावूचा आसात तर घेवन ये. रिकामी चौकट कशी लावतलय?"

तेव्हा मागणी तुमच्याकडे आहे. सरकारकडे नाही, रत्नागिरीकडे नाही. मंगळवारी वाटलेला तो कागद तुमच्या घरात असेल, अजून सुकट बांधायला गेला नसेल तर. तो पालथा करा. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर मामांबद्दल एक वाक्य लिहा. एकच. तुम्ही बघितलेलं, तुम्ही ऐकलेलं. मामा माहीत नसतील तर तुमच्या घरातल्या अशा माणसाबद्दल लिहा, ज्याला उद्या कुणीतरी तयार वाक्य लावणार आहे. शुद्धलेखन मी बघेन. खंडेनवमीच्या आत ते छापखान्यात आणून द्या. मी स्टुलावर असेन. तुमच्यासमोर डबा उघडून तळापर्यंत बघेन. तिथे सापडलं, तर कागद परत करीन आणि तुमच्या तोंडावर नंबर सांगेन.

नाही सापडलं, तर खिळे उचलायला लागेन. आक्कांची छत्री जुळवून ठेवली आहे. तिच्याखालची ओळ तुमची. आणा.